भाव कोणीच लावत नाही

कापगते सरांनी माझ्या थोरल्या मुलीला फसवलं. कंपनीने फसवलं असं मी म्हणत नाही. कंपनी परकी, ती घ्यायला आली होती आणि तिने घेतलं. फसवलं ते गणित शिकवणाऱ्या, माझ्याच दुकानातून वर्षाचा तांदूळ नेणाऱ्या माणसाने. हे मी लाखांदूरच्या भर बाजारात बोललो आहे. इथेही तेच लिहितो. कारण सोमवारी तीच कंपनी त्याच कॉलेजात पुन्हा येते आहे, आणि या वेळी बोलावणं माझ्या धाकट्या मुलीला आहे.

भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान अजून बांध्यांत उभं आहे. हलकं कापून झालं. एरवी या दिवसांत पहाटे तलावावरून धुकं सरकत गावात येतं, त्याला गाळाचा आणि ओल्या तणसाचा वास असतो. उन्हं वर आली की ते विरतं आणि बाया विळे घेऊन निघतात. यंदा धुकं नाही. आभाळ भरून आहे, पण पडतही नाही आणि उघडतही नाही. हवा उबट, अंगाला चिकटणारी. या हवेत धानावर तुडतुडा वाढतो. ज्यांनी धान केलं नाही त्यांना सांगतो, हा किडा पानावर दिसत नाही. तो बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसून रस ओढतो. शेताच्या धुऱ्यावर उभ्या माणसाला बांधी सोन्यासारखी दिसते. तो मनातल्या मनात पोती मोजतो, मुलीच्या सासरी निरोप पाठवतो. मग एका सकाळी मधोमध एक गोल चट्टा दिसतो, जळल्यासारखा. तोवर बुडाशी काही उरलेलं नसतं.

असल्याच हवेत ती कंपनी पहिल्यांदा आली होती. आता आभाळ असं झालं की मला धानाची काळजी नंतर वाटते. आधी कॉलेजचा तो हॉल आठवतो.

त्या हॉलच्याही आधीचं सांगायला हवं. मी धानाचा व्यापारी. सुरुवात राइस मिलवर पोती वाहण्यापासून झाली, मानेवरचा घट्टा अजून आहे. शाळा अर्ध्यात सुटली. जे शिकलो ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून शिकलो. माझी थोरली, आचल, चालायला लागली तशी माझ्या दुकानात, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये वाढली. तिची आई ओरडायची, धान अंगाला खाजतं म्हणून. पण ही उतरायची नाही. धान ओतताना ढिगाकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "बाबा, ढीग मोठा झाला तरी त्याची घसरन तेवढीच काहून रायते?" मी म्हणालो, "कायची घसरन?" तिने हाताने दाखवलं. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. खरंच, कितीही ओता, ढीग पसरतो, उंच होतो, पण त्याचा उतार बदलत नाही. आणि धान ओलं असलं की तो उतार उभा राहतो. थोड्याच दिवसांत ही पोरगी धानाला हात न लावता, नुसत्या ढिगाकडे बघून सांगायला लागली, "बाबा, हे ओलं हाय." हमाल हसायचे. "शेठ, हिले काट्यावर बसवा, काटा इका." मीही हसायचो. छाती फुगायची ती वेगळीच.

त्या उताराचं उत्तर शोधायला ती गणितात गेली. आमच्याकडे मुली बी. ए. करतात, फार झालं तर डी. एड. हिने बी. एस्सी. गणित घेतलं. वर्गात बाकं रिकामी आणि फळ्यासमोर मोजकी पोरं. कापगते सर मला बाजारात भेटले की म्हणायचे, "शेठ, पोरगी हिरा आहे. हिने पुढे शिकलं पाहिजे." मी तांदूळ जरा चांगला काढून द्यायचो. माणूस आपल्या लेकराचं कौतुक करतो, त्याला कणी कशी घालायची?

तर तो हॉल. शेवटच्या वर्षाची पोरं पांढऱ्या कपड्यांत, तेल लावून, कोपर मांडीवर टेकून बसलेली. भिंतीवर कंपनीचा फलक, त्यावर हसणारी शहरी मुलं. पालकांनाही बोलावलं होतं. कंपनीकडून आलेला माणूस तरुण होता, बोलणं मऊ. त्याने सांगितलं, "आम्हाला शुद्ध गणित शिकलेली मुलं हवी आहेत. व्यवसाय आम्ही शिकवू. व्यवसाय शिकवता येतो, विचार करण्याची शिस्त शिकवता येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य आवडलं. उद्योगधंद्यात गणिताची पोरं जातात, मोठ्या जागी बसतात, हे आम्ही ऐकून होतो. जवाहरनगरला कारखान्यात चिकटायचं नाहीतर शिक्षकभरतीची वाट बघायची, यापलीकडे आमच्या पोरांना दार दिसत नव्हतं. हे दार दिसलं.

आचल मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आली ती उड्या मारतच.

"काय इचारलं वं?"

"पयले एक गणित देलं. सोपं होतं. मंग त्यानं कागदच बाजूले सारला. म्हने, वडील काय करतात? मंग सारं तुमच्याबद्दलच, बाबा! शेतकरी भाव पाडून कवा देते, कवा अडून बसते, तुमाले कसं समजते, मले त्यातलं काय समजते. मी सारं सांगतलं. तो लिहून घेऊन रायला होता."

मला काय वाटलं असेल ते कोणत्याही बापाने ओळखावं. अर्ध्यात शाळा सुटलेल्या माणसाची विद्या सुटाबुटातला माणूस लिहून घेतो आहे. मी सगळ्या वर्गाला समोरच्या टपरीवर आलुपोंगे आणि चहा दिला. कापगते सरांना पेढे.

मग पगाराचं बोलणं. तिथे मी बसलोच. सर म्हणाले, असं कोणी बसत नाही. मी म्हणालो, माल माझा आहे. मी मुद्दाम मोठा आकडा बोललो, कारण त्यातून उतरायचं असतं. समोरचा हसतो, कपाळावर हात मारतो, उठायचं नाटक करतो, आपण त्याला खाली बसवतो. तो खेळ मी जन्मभर खेळलो आहे. तो तरुण हसला नाही, उठला नाही. म्हणाला, "चालेल."

माझ्या धंद्यात पहिल्याच भावाला हो म्हणणारा मला तोवर भेटला नव्हता. खिडकीबाहेर ढग होते, दिवसाढवळ्या हॉलमध्ये दिवे लावले होते. आपण जे विकतो आहोत त्याचा भाव याला माहीत आहे आणि मला नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं. पण शेजारी सर हात जोडून उभे होते, पोरीचे डोळे चमकत होते. मी मान डोलावली.

आचल कंपनीत रुजू झाली, आणि पुढच्या मोसमात गावोगावी त्याच कंपनीचे टी-शर्ट घातलेली पोरं फिरायला लागली. दुकान नाही, काटा नाही, हातात मोबाईल. शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, मोबाईल भाव दाखवणार, पटलं तर गाडी बांधीपर्यंत येणार. नव्याचे नऊ दिवस. मी म्हणालो, बघू किती दिवस टिकतात. माझं गिऱ्हाईक हललं, मी दोन हमालांवर खेकसलो, त्यापलीकडे काही नाही. धंद्यात कोणी नवा आला म्हणून रडणारा मी नाही. मीही कधीतरी कोणाच्या तरी ओट्यासमोर नवाच होतो.

मग एके दिवशी दुपारी दयाराम आणि तुळशीराम दुकानात आले. दोघे सख्खे भाऊ, वाटणीची बांधी लागून. धान कंपनीला देऊन झालं होतं, नुसते चहाला.

तुळशीराम धाकटा, तो म्हणाला, "शेठ, एकच पानी, एकच बी, एकाच दिवशी कापलं. मंग याले भाव जास्त अन् मले कमी काहून?"

दयाराम म्हणाला, "तुयं तोंडच तसं हाय गा! मोबाईल बी मानूस पाहून भाव देते."

दुकानात हशा झाला. तुळशीरामही हसला. मी हसलो नाही.

"मोबाईलनं तुले काय इचारलं?"

"भल्ला गोड इचारते, शेठ. धान किती, कोनतं. कापलेलं धान कुठी ठेवान. ताडपत्री हाय का, नसन तं सवलतीत देतो म्हने. मी म्हनलं, द्या बापा, मायी फाटली हाय."

"अन् तुले, दयाराम?"

"माह्याजवळ नवीन होती. मी नाई म्हनलो."

चहाचा ग्लास माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला की फेकला, आठवत नाही. हमाल म्हणतात फेकला.

कारण हे कोणाचं डोकं आहे ते मला कळलं होतं. आभाळ भरून आलं की ज्याच्याकडे ताडपत्री नाही तो थांबू शकत नाही. कापलेलं धान भिजलं तर कोंब येतात, म्हणून तो मिळेल त्या भावाला देतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ओट्यावर बसून, आभाळाकडे आणि बैलगाडीकडे आळीपाळीने बघून मी ते शिकलो होतो. आणि हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. ती तेव्हा पोत्यावर बसून पाय हलवत होती.

"ताडपत्री आली का मंग?" मी तुळशीरामला विचारलं.

"आली ना. लय चांगली हाय."

हे ऐकून मला जास्त भीती वाटली. लुबाडणारा काही देत नाही, ही माझी समजूत होती.

इथे लोक मला म्हणतात, शेठ, तुम्हीही तेच करत होता की. करत होतो. लपवत नाही. पण तुळशीराम माझ्या ओट्यावर यायचा तेव्हा मला त्याचं तोंड दिसायचं आणि त्याला माझं. तो मला शिव्या घालायचा, माझ्या सात पिढ्या काढायचा, उठून समोरच्या दुकानात जायचा. तिथे माझ्याहून कमी भाव मिळाला की परत येऊन मलाच म्हणायचा, "चाल, घे आता, उरावर." त्याच्या बापाच्या तेराव्याला मी पंगतीत बसलो आहे. भाव पाडताना मला ठाऊक असायचं की उद्या याच माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा आहे, आणि तेवढ्याने हात आखडायचा. किती आखडायचा ते मी सांगू शकणार नाही, पण आखडायचा. मोबाईलला उद्या कोणाच्या पंगतीत बसायचं आहे?

त्या दिवाळीत आचल घरी आली. केस कापलेले, बोलणं हळू. दुकानात आली नाही. मीच तिला मागच्या अंगणात गाठलं, ती दोरीवरचे कपडे काढत होती.

"ताडपत्रीचं कोनं सांगतलं तुया कंपनीले?"

तिने नाही म्हटलं नाही. "तुमीच तं सांगतलं होतं, बाबा."

"मी तुले सांगतलं. कंपनीले नाई."

"मी फक्त संबंध काढला. कोनती गोष्ट कोनत्या गोष्टीसंगं हालते, एवढंच माह्यं काम हाय. भाव मी नाई लावत."

"मंग कोन लावते?"

हातातला टॉवेल तिने दोनदा घडी केला, दोनदा उलगडला. "कोनीच लावत नाई, बाबा. तो निघते."

मी खूप माणसांशी भांडलो आहे. व्यापाऱ्यांशी, गिरणीवाल्यांशी, बाजार समितीच्या साहेबांशी. भांडायला समोर कोणीतरी लागतं. त्या दिवशी अंगणात माझ्यासमोर माझीच पोरगी होती, आणि ती सांगत होती की समोर कोणी नाहीच. मी आवाज चढवला, आणखी चढवला. तिची आई धावत आली. आचल शांतपणे म्हणाली, "आई, पाच मिनिटं ओरडतीन, मंग पानी मांगतीन." मी खरंच पाणी मागणार होतो. ते तसंच गिळलं.

दुसऱ्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात, दंडारीचा नाच होतो, नाटकाचे मंडप उभे राहतात, जिलेबीच्या कढया लागतात. लहानपणी आचल माझ्या खांद्यावर बसून दंडार बघायची. या वेळी मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसली होती. तुळशीरामची बायको गर्दीतून वाट काढत आली, तिच्या हातात जिलेबीचा द्रोण दिला, डोक्यावरून हात फिरवला. "आचल बाई, तुया कंपनीची ताडपत्री भल्ली मजबूत हाय वं. देव तुयं भलं करो." आचलने द्रोण हातात धरून ठेवला. खाल्लं नाही. ढोलकी वाजत होती, लोक हसत होते, आणि माझी पोरगी त्या बाईकडे अशी बघत होती, जसं कोणी वीज पडलेल्या झाडाकडे बघतं. दुपारच्या एस. टी. ने ती निघून गेली. सुट्टी अजून बाकी होती.

तेव्हापासून तिचे फोन येतात. मी विचारतो, जेवली का, बरी आहे का, एवढंच. गणिताचं काही बोलत नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं, ते ढिगाच्या उताराचं उत्तर मिळालं का? म्हणाली, "त्याचा कंपनीत उपयोग नाई, बाबा."

आता या मोसमात समीक्षा, माझी धाकटी, शेवटच्या वर्षाला आहे. गणितात ती बेताची, हे ती स्वतःच सांगते. दिवाळी झाली आणि कापगते सरांचा तिला फोन आला, सोमवारी नक्की ये, कंपनीने तुझं नाव खास विचारलं आहे. घरात आनंद झाला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो हॉल पुन्हा उभा राहिला. वर्गात पुढे असलेली पोरं सोडून हिचं नाव कसं?

मी सरांकडे गेलो. विभागात एकटेच बसले होते. खिडकीतून तेच आभाळ. खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, समीक्षा काहून?"

"अहो शेठ, यंदा त्यांना वेगळी मुलं हवी आहेत. पहिल्या वर्षी धान-बाजार माहीत असलेली मागितली, मी आचल दिली. मागच्या वर्षी कृषी केंद्र ज्यांच्या घरी आहे अशी. यंदा त्यांना बायकांना कर्ज द्यायचं आहे, म्हणून महिला बचत गटांची माहिती असलेली. समीक्षा लहानपणापासून आईबरोबर गटाच्या बैठकीला जाते ना? मीच सुचवलं."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं कोणी घरातल्या आंब्याच्या जाती सांगतो. माझ्या बायकोच्या गटातल्या बाया एकमेकींना काय सांगतात ते मलाही ठाऊक नाही. कोणाच्या नवऱ्याला पिण्याचं व्यसन आहे, कोणी माहेरचे दागिने गहाण टाकलेत, कोण मुलाच्या दवाखान्यासाठी काहीही कबूल करेल. समीक्षाला ठाऊक आहे. ती आईच्या मांडीवर झोपल्याचं सोंग करून ऐकत आली आहे. आता कोणीतरी मऊ आवाजात तिला विचारणार, आई काय करते? आणि ती उड्या मारत बाहेर येणार.

"सर, तुमाले माहीत होतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "शेठ, विभाग बंद होत होता. गणिताला मुलं येत नव्हती. माझी नोकरी सोडा, गणितच गेलं असतं या कॉलेजातून. आता बाकं भरतात. मी कोणाचं वाईट केलं? तुमची मुलगी आज किती कमावते!"

"मी पगार नाई इचारला. माहीत होतं का?"

"पहिल्या वर्षी नव्हतं," ते म्हणाले.

म्हणजे दुसऱ्या वर्षी होतं. मी चहाला हात न लावता उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या खोलीतून न ओरडता बाहेर पडलो.

सर, आता तुमच्याशीच बोलतो. आमच्या धंद्यात अडत्या असतो. तो माल घेत नाही, विकत नाही, दोघांना समोरासमोर बसवतो. पण पुढे घेणारा खोटा निघाला, तर शेतकरी त्याला शोधायला परमुलखात जात नाही. तो अडत्याच्या ओट्यावर येऊन बसतो, आणि अडत्याला तोंड लपवता येत नाही. "मला माहीत नव्हतं" हे एकदा चालतं. दुसऱ्यांदा म्हणणाऱ्याचा ओटा गाव बंद करतं. तुम्ही आमच्या पोरांचे अडते झालात. तुम्हाला कोणी तसं म्हटलं नाही, कारण तुमच्या हातात खडू होता.

समीक्षाला मी अडवलेलं नाही. ती मोठी आहे, माझ्याइतकीच हट्टी आहे, आणि मी कोंडलं तर ती खिडकीतून जाईल. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, सरांनी तं असं काईच सांगतलं नाई. त्यांनी सांगतलं तं मानीन."

म्हणून सोमवारी मी त्या हॉलमध्ये येतो आहे, तुळशीराम आणि त्याची बायको माझ्यासोबत आहेत. कंपनीच्या माणसाला आम्ही एक शब्द विचारणार नाही. तुम्ही उठा, फलकापुढे उभे राहा, आणि पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या त्या पोरींना मुलाखतीआधी सांगा, कागद बाजूला सारल्यावर त्यांना काय विचारलं जाणार आहे आणि त्याचं पुढे काय होतं. तुळशीरामच्या बायकोला सांगा, ताडपत्री फाटल्याचं सांगितल्यावर तिच्या धानाचा भाव कसा पडला. आणि मला सांगा, सर, दुसऱ्या वर्षी माहीत झाल्यावर तुम्ही तिसऱ्या वर्षी माझ्या लेकीचं नाव कोणत्या तोंडाने दिलं? उत्तर घेतल्याशिवाय मी उठणार नाही.